तज्ज्ञांची चर्चा कशी ऐकावी

सार्वजनिक धोरण, लोकशाही आणि जागतिक घडामोडी या विषयांवरची तज्ज्ञांची चर्चा आज घरबसल्या ऐकायला मिळते. वाहिनीवरचे वादसत्र, व्याख्यानमालेतले भाषण, दोन-दोन तासांचे पॉडकास्ट, विद्यापीठातला परिसंवाद, अर्थसंकल्पानंतरचे विश्लेषण असे तिचे प्रकार. पण ऐकून उठल्यावर श्रोत्याच्या पदरात बहुधा एखादे चटकदार वाक्य पडते, आणि आधीचेच मत थोडे अधिक घट्ट होते. दोष दरवेळी वक्त्याचा असतो असे नाही. चर्चा ऐकण्यालाही थोडी तयारी लागते, आणि तिचा बराच भाग चर्चा सुरू होण्याआधी करायचा असतो.

महाराष्ट्राला अशी चर्चा ऐकण्याची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यात भरते. पुण्याच्याच गोखले संस्थेत २९ जानेवारी १९३९ रोजी काळे स्मृतिव्याख्यान देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील संघराज्याची योजना कलम उघडून तपासली होती. मुंबईत नानी पालखीवालांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांना पुढे इतकी गर्दी होऊ लागली की सभागृह पुरेना, ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावे लागले. या दोन्ही वक्त्यांची मते सर्वांना पटत होती असे मुळीच नाही. पण दोघेही हातातल्या कागदावर बोलत: एकाच्या हाती कायदा, दुसऱ्याच्या हाती अर्थसंकल्प. त्यामुळे असहमत श्रोत्यालाही वक्त्याशी नेमके कुठे बिनसले ते सांगता येई.

व्यासपीठ आणि त्याची मर्यादा

आधी चर्चा कोणत्या प्रकारची आहे ते पाहून अपेक्षा ठरवावी. वाहिनीवर पाऊण तासाच्या कार्यक्रमात सहा वक्ते बसवले, जाहिराती आणि निवेदकाची प्रास्ताविके वजा केली, तर एकेकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात, तीही तुकड्यातुकड्यांनी. एवढ्यात कोणत्याही धोरणाची कारणमीमांसा होत नाही. कोणता पक्ष कोणत्या बाजूला उभा आहे एवढे कळते. तेवढ्यासाठी कार्यक्रम पाहायला हरकत नाही. त्यापलीकडे मागितले तर निराशा ठरलेली. युक्तिवादाची सांगोपांग मांडणी हवी असेल तर एका वक्त्याचे तासाभराचे भाषण किंवा दोघांचीच मुलाखतवजा चर्चा बरी.

परराष्ट्र व्यवहारात आणखी एक प्रकार असतो, बंद दाराआडच्या बैठकीचा. लंडनच्या चॅटॅम हाऊसने १९२७ मध्ये घालून दिलेला नियम अशा बैठकांत जगभर पाळला जातो: ऐकलेली माहिती बाहेर वापरावी, पण ती कोणी सांगितली किंवा बैठकीला कोण होते हे उघड करू नये. बोलणाऱ्याला मोकळेपणा मिळावा हा त्यामागचा हेतू. श्रोत्याच्या बाजूने त्याचा अर्थ असा, की ‘एका बैठकीत वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले’ या वाक्याची खातरजमा कधीच करता येत नाही. ते ऐकून ठेवावे, त्यावर मत उभारू नये. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील नीमराणा संवादासारख्या बैठकांत निवृत्त राजदूत, सेनाधिकारी आणि अभ्यासक बसतात. सरकारला अधिकृतपणे काढता न येणारे विषय तिथे चाचपता येतात, म्हणून त्यांना मोल आहे. पण तिथले बोलणे ही सरकारची भूमिका नव्हे. याउलट दिल्लीत २०१६ पासून भरणाऱ्या रायसीना संवादाच्या आयोजनात स्वतः परराष्ट्र मंत्रालय सहभागी असते. तिथे परदेशी मंत्री काय बोलतात याइतकेच त्यांना कोणते प्रश्न विचारले जात नाहीत तेही पाहण्यासारखे असते.

कागद आधी, वक्ता नंतर

धोरणावरच्या बहुतेक चर्चांच्या मुळाशी एखादा दस्तऐवज असतो: विधेयक, अर्थसंकल्प, समितीचा अहवाल, न्यायालयाचा निकाल, करार किंवा ठराव. चर्चेला बसण्याआधी त्यातली दोन-चार पाने डोळ्यांखालून घालावीत. सगळा वाचायची गरज नाही. विधेयकाला उद्देश व कारणे सांगणारे छोटे निवेदन जोडलेले असते, अहवालाला सारांश असतो, आणि अर्थसंकल्पाच्या ढीगभर पुस्तिकांत ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ ही छोटी पुस्तिका असते. हे सर्व सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळते.

या अर्ध्या तासाच्या वाचनाने काय साधते, ते १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पावरून दिसते. त्या पुस्तिकेतल्या मुख्य तक्त्याला चार रकाने आहेत. पहिल्यात २०२३-२४ चा प्रत्यक्ष आकडा, दुसऱ्यात २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, तिसऱ्यात त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि चौथ्यात २०२५-२६ चा अंदाज. भांडवली खर्चाच्या, म्हणजे रस्ते, रेल्वे, संरक्षणसामग्री यांसारख्या टिकाऊ गोष्टींवरच्या खर्चाच्या ओळीत दुसऱ्या रकान्यात ११.११ लाख कोटी रुपये दिसतात, तिसऱ्यात १०.१८ लाख कोटी आणि चौथ्यात ११.२१ लाख कोटी. एक वक्ता म्हणतो, भांडवली खर्चात दहा टक्के वाढ केली. दुसरा म्हणतो, वाढ जेमतेम एक टक्का आहे. दोघेही खरे बोलतात. पहिल्याने चौथा रकाना तिसऱ्याशी ताडून पाहिला, दुसऱ्याने दुसऱ्याशी. वाहिनीवर यावरून दोघे एकमेकांना खोटे ठरवत राहतात. तक्ता समोर ठेवलेल्या श्रोत्याला मात्र त्या दोघांनीही न विचारलेला प्रश्न सुचतो: मंजूर रकमेतले सुमारे ९३ हजार कोटी वर्षभरात खर्चच का झाले नाहीत? लोकसभा निवडणुकीच्या काळात कामे रेंगाळली हे त्याचे एक कारण सांगितले गेले. ते पुरेसे आहे का, कोणत्या खात्यांत रक्कम पडून राहिली, राज्यांना द्यायच्या कर्जांचे काय झाले, इथून खरी चर्चा सुरू होते.

आकड्यांबाबत आणखी दोन सवयी लावून घ्याव्यात. वाढीचा आकडा महागाई वजा करून सांगितला आहे की न करता, हे विचारावे. आणि रक्कम मोठी वाटली की ती कशाच्या तुलनेत मोठी, हे पाहावे: मागच्या वर्षाच्या, एकूण खर्चाच्या की देशाच्या उत्पन्नाच्या. एक हजार कोटी हा आकडा कानाला प्रचंड वाटतो. केंद्राच्या सुमारे ५० लाख कोटींच्या वार्षिक खर्चात तो पाच हजारांतला एक भाग असतो.

बोलणारा कोण आहे

तज्ज्ञपण हे विषयापुरते असते. चाळीस वर्षे परराष्ट्र सेवेत घालवलेल्या अधिकाऱ्याचा वाटाघाटींबद्दलचा शब्द वजनदार. त्याच अधिकाऱ्याचे रुपयाच्या विनिमय दराबद्दलचे मत इतर कोणत्याही सुशिक्षित माणसाच्या मताइतकेच. चर्चेत ही सीमा कळत नकळत ओलांडली जाते, कारण निवेदक विचारतो आणि ‘हा माझा विषय नाही’ म्हणायला फार कमी लोक तयार असतात. जो म्हणतो, त्याचे बाकीचे बोलणे अधिक विश्वासाने ऐकावे.

दुसरी बाब हितसंबंधांची. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेत उघड झाले, की वित्तीय नियंत्रणावर मते देणारे काही नामवंत प्राध्यापक वित्तीय कंपन्यांच्या संचालक मंडळांवर होते किंवा त्यांचे सल्लागार होते, आणि लिहिताना ते तसे सांगत नव्हते. त्यानंतर २०१२ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेने आपल्या नियतकालिकांसाठी हितसंबंध जाहीर करण्याचे नियम कडक केले. आपल्याकडे वाहिनीवर नावाखाली ‘ज्येष्ठ विश्लेषक’ अशी पट्टी येते आणि ओळख संपते. म्हणून ती माहिती श्रोत्यानेच शोधावी: वक्त्याची संस्था कोणाच्या देणगीवर चालते, तो कोणत्या मंडळावर आहे, कोणत्या पक्षाशी त्याचा संबंध राहिला आहे. हितसंबंध आहेत म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. पुरावा किती कसून मागायचा, एवढे त्यावरून ठरते.

तिसरी बाब आधी घेतलेल्या भूमिकेची, आणि ती सर्वांत नाजूक. त्यासाठी कृषी कायद्यांवरील समितीचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या तीन कृषी कायद्यांना सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी स्थगिती दिली आणि चौघांची समिती नेमली: कृषी अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटी आणि प्रमोदकुमार जोशी, शेतकरी संघटनेचे अनिल घनवट आणि भारतीय किसान युनियनच्या एका गटाचे भूपिंदरसिंग मान. मान दोनच दिवसांत बाहेर पडले. या सदस्यांनी कायद्यांच्या बाजूने आधीच जाहीर मत दिले आहे असा आक्षेप घेऊन कायद्यांविरुद्ध आंदोलन करणाऱ्या संघटनांनी समितीसमोर जायचे नाकारले. समितीने १९ मार्च २०२१ रोजी बंद लिफाफ्यात अहवाल दिला. तो वर्षभर तसाच राहिला. तोवर कायदे मागेही घेतले गेले, आणि अखेर मार्च २०२२ मध्ये घनवटांनी तो स्वतःच जाहीर केला.

आक्षेपाचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात. कृषी बाजार खुला व्हावा ही भूमिका संस्थापक शरद जोशींच्या काळापासून शेतकरी संघटनेची आहे. गुलाटींनीही ती वर्षानुवर्षे लिहून मांडली आहे. ज्याने एखाद्या विषयावर तीस वर्षे काम केले त्याचे काहीच मत नसावे ही अपेक्षा अवाजवी आहे. कोरी पाटी हवी असेल तर त्या विषयाचा अभ्यास नसलेला माणूसच शोधावा लागेल. पण एकाच बाजूची माणसे बसवून समिती केली तर तिचा निष्कर्ष बरोबर असूनही समोरच्याला तो पटवून देता येत नाही, हेही तितकेच खरे. इथे चुकले ते समितीच्या रचनेत.

आता अहवालातला गाजलेला आकडा. समितीने ७३ शेतकरी संघटनांशी संवाद साधला. त्यांचे मिळून ३.८३ कोटी शेतकरी सदस्य. त्यांपैकी ६१ संघटनांनी, म्हणजे ३.३ कोटी शेतकऱ्यांच्या वतीने, कायद्यांना पाठिंबा दिला. यावरून ‘८६ टक्के शेतकरी कायद्यांच्या बाजूने होते’ असे वाक्य बातम्यांत आणि चर्चांत फिरू लागले. भागाकार बरोबर आहे. पण समितीने कोट्यवधी शेतकऱ्यांना विचारले नव्हते. संघटनांना विचारले आणि त्यांच्या सदस्यसंख्येने गुणले. संघटनेच्या भूमिकेशी तिचा प्रत्येक सदस्य सहमत आहे असे त्यात गृहीत धरले आहे. शिवाय रस्त्यावर बसलेल्या संघटना या मोजणीत आल्याच नाहीत, कारण त्या समितीसमोर गेल्या नाहीत. अहवालातल्या बाजार सुधारणांच्या सूचना यामुळे रद्दबातल होत नाहीत. त्या स्वतंत्रपणे वाचण्यासारख्या आहेत. वक्त्याने ८६ टक्के म्हटले की कोणाला विचारले, कोणी उत्तर दिले नाही आणि मोजले कसे, एवढे तीन प्रश्न विचारावेत.

एका चर्चेत मिसळलेले प्रश्न

लोकशाहीविषयीच्या चर्चेत गोंधळ होतो तो बहुधा वेगवेगळ्या जातीचे प्रश्न एकत्र आल्याने. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र घेण्याचा प्रस्ताव हे त्याचे ताजे उदाहरण. १९५१-५२ पासून १९६७ पर्यंत या निवडणुका बव्हंशी एकत्र होत. पुढे विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित होऊ लागल्या आणि १९७० मध्ये लोकसभाही, तेव्हा वेळापत्रक विस्कटले. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने १४ मार्च २०२४ रोजी अहवाल दिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडून संयुक्त संसदीय समितीकडे पाठवले गेले.

यावरच्या चर्चेत निदान तीन प्रश्न असतात. घटनेच्या चौकटीत हे बसते का, राज्यांच्या विधानसभांची मुदत अशी कापता येते का, हा घटनातज्ज्ञाचा प्रश्न. खर्च किती वाचेल, यंत्रे किती लागतील, सुरक्षा दले कशी फिरवायची, हा प्रशासनाचा आणि हिशेबाचा प्रश्न. त्याला आकड्यांनी उत्तर देता येते. आणि मतदाराने पाच वर्षांत एकदाच कौल द्यावा की अधूनमधून सरकारांना जागे करावे, हा तिसरा प्रश्न. त्याला कोणीच तज्ज्ञ नाही. तिथे निवडणूक आयोगाच्या माजी आयुक्ताचे मत आणि चहाच्या टपरीवर पेपर वाचणाऱ्याचे मत सारख्याच तोलाचे. चलाख वक्ता पहिल्या प्रश्नातले आपले वजन वापरून तिसऱ्याचे उत्तर देऊन जातो. त्यामुळे ऐकताना वहीचे पान तीन भागांत विभागावे: वक्त्याने सांगितलेली माहिती एकीकडे, माहितीवरून काढलेले अनुमान दुसरीकडे, आणि ‘असे व्हायला हवे’ हे तिसरीकडे. अर्ध्या तासात तिसरा भाग भरून वाहू लागतो आणि पहिला जवळजवळ कोराच राहतो, असा अनुभव बऱ्याच चर्चांत येतो.

निवडणुकांच्या आकड्यांवर थोडे. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ मिळाल्या. सांगलीची जागा अपक्षाने जिंकली. मते मात्र दोन्ही बाजूंना ४३ ते ४४ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखी. मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, या पद्धतीत मतांतला केसाएवढा फरक जागांत दरीएवढा होऊ शकतो. म्हणून ‘जनतेने नाकारले’ किंवा ‘लाट होती’ असे वाक्य आले की जागा आणि मते हे दोन्ही आकडे मागावेत. मतदानोत्तर चाचण्यांची अडचणही इथेच आहे. पाहणीतून मतांची टक्केवारी बऱ्यापैकी जवळची काढता आली, तरी तिच्यावरून जागा काढताना दुसरे गणित लागते आणि तिथे चूक फुगते. त्याच निवडणुकीत बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले होते. प्रत्यक्षात २९३ जागा आल्या.

जगाच्या गोष्टी

जागतिक घडामोडींवर ऐकताना श्रोत्याची बाजू सर्वांत लंगडी असते, कारण तिथे स्वतःचा अनुभव ताडून पाहायला नसतो. रस्त्यावरचा खड्डा दिसतो, किव्हची आघाडी दिसत नाही. म्हणून तिथे औपचारिक नोंदी अधिक उपयोगाच्या. युक्रेनवर रशियाने आक्रमण केल्यानंतर २५ फेब्रुवारी २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला. पंधरापैकी ११ सदस्य बाजूने, रशिया विरोधात, आणि भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती तटस्थ. रशिया कायम सदस्य असल्याने त्याच्या एका नकाराधिकाराने ठराव पडला. भारताने बाजूने मत दिले असते तरी निकाल बदलला नसता. एवढी साधी गोष्ट त्या आठवड्यातल्या अनेक चर्चांत ऐकू आली नाही. मतदानानंतर भारताने दिलेले स्पष्टीकरणही उपलब्ध आहे. त्यात रशियाचे नाव नाही, पण देशांचे सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता यांचा आदर राखण्याचा उल्लेख आहे. ‘भारत रशियाच्या बाजूने उभा राहिला’ आणि ‘भारत निष्पक्ष राहिला’ ही दोन्ही वाक्ये त्या मजकुराशेजारी ठेवून पाहिली, की कोणते कुठे सैल आहे ते कळते. पुढे २ मार्चला आमसभेत १४१ विरुद्ध ५ अशा मतांनी ठराव संमत झाला आणि ३५ देश तटस्थ राहिले. देश मोजले तर जग एका बाजूला होते. लोकसंख्या मोजली तर तटस्थ देशांतच जवळपास निम्मे जग बसते. वक्ता कोणते मोजतो यावरून त्याला कुठे जायचे आहे ते दिसते.

या विषयात देशांबद्दल माणसांसारखे बोलण्याची पद्धत आहे: चीनला असे वाटते, अमेरिकेला हे खुपले. सोयीपुरते ते ठीक. पण वाटते म्हणजे कोणाला, हे मनात विचारत राहावे. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस यांची तोंडे दोन दिशांना असू शकतात. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय आणि वाणिज्य मंत्रालय यांचेही दरवेळी जमतेच असे नाही. चांगला तज्ज्ञ ओळखण्याची ही एक खूण आहे: तो देशाऐवजी संस्थेचे किंवा पदाचे नाव घेतो.

भाकितांबाबत तर सावधच राहावे. रशियन फौजा घुसल्या तेव्हा किव्ह काही दिवसांत पडेल असे अनेक नामवंत लष्करी विश्लेषकांना वाटत होते. ते पडले नाही. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने २८४ तज्ज्ञांची ८२ हजारांवर भाकिते वीसेक वर्षे गोळा करून तपासली आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. दूरच्या राजकीय घटनांबाबत ही भाकिते निव्वळ अटकळीपेक्षा फारशी सरस नव्हती. त्याहून कामाची गोष्ट अशी, की एकाच मोठ्या सिद्धान्तात सारे जग बसवणारे अधिक चुकले आणि निरनिराळ्या बाजूंनी विचार करून पाऊल मागे-पुढे घेणारे कमी चुकले. गंमत म्हणजे वाहिन्यांना पहिल्या प्रकारचेच लोक आवडतात. ते ठाम बोलतात. तेव्हा वक्त्याने ‘नक्की होईल’ म्हटले की तारीख लिहून ठेवावी. ‘अमुक घडले नाही तर माझा अंदाज चुकला असे समजा’ अशी अट तो स्वतःहून सांगत असेल, तर त्याचे नाव वहीत अधोरेखित करावे.

प्रश्न विचारताना

व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत अर्धा वेळ भाषणवजा प्रश्नांत जातो. प्रश्न दोन वाक्यांत बसावा आणि त्याचे टोक वक्त्याच्या एखाद्या विधानाला लागावे. ‘शिक्षणाचे काय होणार?’ याला उत्तर नाही, फक्त सुस्कारा आहे. ‘आपण पटसंख्या कमी असलेल्या शाळा एकत्र करायला सुचवता, दुसऱ्या वाडीतल्या सहा वर्षांच्या मुलाला तिथे पोचवण्याचा खर्च या हिशेबात धरला आहे का?’ याला उत्तर द्यावेच लागते. आणखी तीन प्रश्न बहुतेक ठिकाणी चालतात. कोणता पुरावा पाहिला तर आपण मत बदलाल? आपल्याशी असहमत असलेल्या अभ्यासकांपैकी कोणाचा युक्तिवाद आपल्याला सर्वांत भक्कम वाटतो? या धोरणात तोटा कोणाचा होईल? शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि सर्वाधिक माहिती त्यातूनच मिळते.

गावात चर्चा ठेवायची झाल्यास

ग्रंथालय, महाविद्यालय किंवा गृहनिर्माण संस्थेला अशी चर्चा घडवून आणायला फार पैसा लागत नाही. विषय अरुंद ठेवावा लागतो. ‘लोकशाहीपुढील आव्हाने’ या विषयावर कोणीही कितीही बोलू शकतो, म्हणून तो टाळावा. ‘पक्षांतरबंदीच्या कायद्यात निर्णय विधानसभाध्यक्षांकडे असावा का?’ हा विषय तासाभरात पेलतो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेले दहावे परिशिष्ट, एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीची सवलत काढणारी २००३ ची ९१ वी दुरुस्ती, आणि महाराष्ट्रातल्या सत्तांतरावर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिलेला निकाल, एवढे कागद श्रोत्यांना आठवडाभर आधी पाठवता येतात. वक्ते दोन पुरेत, तिसरा सूत्रसंचालक. प्रत्येकाने आधी समोरच्याची बाजू समोरच्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावी आणि मग स्वतःची, ही अट घातली तर आवाज आपोआप खाली येतात. श्रोत्यांना निदान तिसरा हिस्सा वेळ राखून ठेवावा. पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ आणि आभार यांत अर्धा तास जाणार नाही हे पाहणे हा आयोजकाच्या कामाचा सर्वांत अवघड भाग.

तज्ज्ञ आणि सामान्य नागरिक यांना एकत्र बसवण्याचा अलीकडचा गाजलेला प्रयोग आयर्लंडमधला. तिथल्या संसदेने २०१६ मध्ये नागरिकांची सभा स्थापन केली. निवडणूक नाही, अर्ज नाही. वय, लिंग, प्रांत यांचे प्रमाण सांभाळून ९९ नागरिक यादृच्छिक पद्धतीने निवडले आणि अध्यक्षस्थानी न्यायाधीश मेरी लॅफॉय. गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घालणाऱ्या घटनेतील कलमावर ही सभा पाच शनिवार-रविवार बसली. डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक आणि दोन्ही बाजूंच्या संघटना यांनी समोर येऊन बोलायचे. मग नागरिकांनी छोट्या गटांत टेबलाभोवती बसून चर्चा करायची, प्रश्न काढायचे आणि ते परत तज्ज्ञांना विचारायचे. निर्णयात तज्ज्ञांना मत नव्हतेच. सभेने कलम बदलण्याची शिफारस केली, संसदीय समितीने ती तपासली, आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी बदल मान्य केला. शंभर माणसांची सभा सगळ्या देशाचे प्रतिनिधित्व करते का, यावर तिथेही वाद झाला. पण टेबलाभोवतीच्या छोट्या गटांची पद्धत कोणत्याही गावच्या वाचनालयाला उचलता येते.

चर्चेनंतर

ऐकलेल्यातले एक विधान निवडून त्याच आठवड्यात मूळ कागदाशी ताडून पाहावे. एकच पुरे, सगळी तपासायला गेल्यास उत्साह दोन दिवसांत संपतो. विधान बरोबर निघाले तरी वक्त्याने त्याच्या शेजारचे काय गाळले ते पाहावे.

मत तयार झाले असेल तर ते सांगायची अधिकृत जागाही आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार प्रस्तावित कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. हे बंधन कायद्याचे नसल्याने अनेकदा ते पाळले जात नाही. विधेयक संसदीय समितीकडे गेले तर दुसरी संधी मिळते, पण तीही आक्रसत गेली आहे: पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. महाराष्ट्रात जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेले तेव्हा १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. सुधारित विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले.

संसदीय समिती सूचना मागवते तेव्हा लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालय जाहिरात देते. मुदत सहसा पंधरा दिवसांच्या आसपास असते, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावे लागते. निवेदनात विधेयकाचे कलम क्रमांकाने सांगावे, त्यातले कोणते शब्द बदलायचे आणि त्यांच्या जागी कोणते घालायचे ते लिहावे, आणि कारण चार ओळींत द्यावे. संपूर्ण विधेयकाचा निषेध करणाऱ्या पानभर मजकुरापेक्षा अशा कलमवार सूचनेवर समितीला काम करता येते. पाठवलेले निवेदन समितीच्या कागदपत्रांचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते, त्यामुळे ते परस्पर छापायला देऊ नये. समितीपुढे प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे असल्यास तसे निवेदनातच नमूद करावे लागते. बोलवायचे की नाही ते समिती ठरवते.